एका चुलीची पाच माणसं

१४ जून, कोइमतूर

बँकेनं आमच्या दुकानाच्या मालकाला, भाऊसो शेठला, दोन डायऱ्या दिल्या होत्या. एक त्यांनी ठेवली, दुसरी जानेवारीतच माझ्याकडं सरकवली. तवापासून ती उशाला कोरी पडून होती. आज उघडली. आठवीनंतर मी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही, त्यामुळं चुकलं तर चुकलं. वाचणारा मीच.

सृष्टी पहिल्या वर्षाला पास झाली. माझी धाकटी बहीण. सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात फार्मसी शिकते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. फोन आला तवा मी भट्टीवर होतो. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढायचं, ह्याला आमच्याकडं गलाई म्हणतात. आटपाडीकडची निम्मी पोरं ह्याच कामावर मुलूखभर पांगलीत. शेजारच्या तमिळ कारागिराला मी खुणेनंच सांगितलं की बहीण पास. त्यानं चहा मागवला.

ही भट्टी आधी माझ्या थोरल्या भावाची, विश्वजीतदादाची. तीन वर्षांमागं त्याची छाती भरली आणि आठ दिवसांत तो गेला. डॉक्टर म्हणाला निमोनिया. इथली माणसं म्हणतात तेजाबाचा धूर. त्याच्या जागेवर मी बसलो. त्याआधी मी चार कामं धरून सोडली होती. मला एका जागी बसवत नाही, आई म्हणते तुझ्या तळपायात मुंग्या आहेत. इथं मात्र टिकलो. गावाकडं जायला लागू नये म्हणून टिकलो असंही असेल.

१७ जून

आप्पांचा, म्हणजे वडलांचा फोन. दादाच्या बायकोला, सोनियावहिनीला, जतचं स्थळ आलंय. ऋषिराज नावाचा माणूस, जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, पहिली बायको आजारानं गेली, मूलबाळ नाही. वहिनीच्या माहेरच्यांनीच आणलं. आप्पा म्हणाले सत्तावीस वर्षांची पोर आहे, आपण आडवं यायचं नाही. बोलले बरोबर. पण आवाज खाली गेला होता.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी आधी ताटं मोजली.

सृष्टीची फी आमच्या गलाईवाल्यांचं मंडळ भरतं. भाऊसो शेठ त्या मंडळावर आहेत, त्यामुळं नियम मला पाठ आहे. कागदावर त्यांचा भरवसा नाही, कारण लोक मिळकत कमी दिसावी म्हणून रेशनकार्डं फोडतात आणि मेलेली माणसं कार्डावर जिवंत ठेवतात. म्हणून मंडळाचा माणूस न सांगता जेवणवेळेला घरी येतो आणि एका चुलीवर कितीजण जेवतात ते बघतो. पाच किंवा जास्त असली तर पुरी फी. चार असली की निम्मी. वसतिगृहात शिकणारं पोर धरतात. माझ्यासारखा बाहेरगावी राहून मिळवणारा धरत नाहीत. मी पाठवतो तो पैसा मात्र घरच्या मिळकतीत धरतात.

गेल्या वर्षी आम्ही सहा होतो. आजी, आप्पा, आई, वहिनी, तिची चार वर्षांची क्रांती, आणि सृष्टी. वहिनी आणि क्रांती गेल्या की राहिले चार. निम्मी फी आमच्याच्यानं भरून होणार नाही. सृष्टी घरी बसणार आणि दोन वर्षांत तिलाही कुणीतरी बघायला येणार.

२२ जून

आज मला एक सुचलं आणि मी ते आप्पांना सांगितलं. चांगलं सुचलं असं वाटतंय.

क्रांतीनं जायचं नाही. ती आपल्या घरची. आपल्याकडं असंच चालत आलंय, बाई दुसऱ्या घरी गेली की लेकरू बापाच्या घरी राहतं. मी म्हणलं, "पोरगी दादाची हाय. आपल्यातच वाढू द्या. वहिनीलाबी नवा संसार मोकळा करता यील." फीचं मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.  आप्पा म्हणाले, "तसंच करावं म्हंतूस?" मागं भाकरी थापायचा आवाज येत होता, तो थांबला. मग आईचा आवाज आला, अगं तवा बघ, करपली.

आजीला विचारलं तर ती रडायला लागली. म्हणाली विश्वजीतची तेवढीच खूण आहे माझ्याजवळ. आजीला फीचं काही कळत नाही, तिला खरंच नात पाहिजे. म्हणजे मी काही वाईट सांगितलं नाही.

वहिनी फोनवर आली तवा एवढंच म्हणाली, "बरं हाय भावजी." नेहमी ती जेवला का विचारते. घाईत असेल.

६ जुलै

जतला देवळात दहा माणसांत लग्न झालं. मी गेलो नाही, भट्टीवर काम होतं. खरं म्हणजे शेठ जा म्हणाले होते.

सृष्टीनं मोबाइलवर फोटो पाठवला. वहिनीनं मोरपंखी साडी नेसलीय. शेजारचा माणूस बुटका, केस विरळ, चेहरा गरीब. क्रांती फोटोत नाही. तिला घरी आजीजवळ ठेवलं होतं म्हणे, उगीच रडारड नको.

शेठनं आज मला खुर्ची दिली बसायला. राजमहेंद्रीला नवं दुकान काढतायत, ते मी सांभाळायचं. दुकान बसलं की पगार वाढेल, वर खोली वेगळी. भट्टीवर दुसरा माणूस, मी गल्ल्यावर. मी लगेच हो म्हणलो. नकाशात बघितलं, कोइमतूरपेक्षा वेगळीच बाजू आहे. नवीन गाव म्हणलं की मला झोप येत नाही, इतकं बरं वाटतं.

१९ जुलै

सृष्टीचा फोन. आधी लायब्ररीचं काय काय सांगत होती. मग एकदम म्हणाली, दादा, क्रांतीला ठेवून घ्यायचं कुणी काढलं?

मी म्हणलं मोठ्या माणसांनी.

ती म्हणाली, "आपल्या घरात मोठी माणसं सोताहून काय काढत न्हाईत. कुणीतरी सांगितल्याशिवाय आप्पा शेताचा बांधबी ओलांडत न्हाईत." मी हसलो. ती हसली नाही. मी म्हणलं अभ्यास कर, भट्टी तापलीय, ठेवतो. भट्टी तापली नव्हती.

२७ जुलै

आईनं व्हिडिओ कॉल लावला. क्रांतीला समोर धरलं. केसांना तेल लावून दोन वेण्या, डोळ्यांत काजळ. वाळलीय. आई म्हणाली जेवताना लय त्रास देते, ताटावर बसते पण खात नाही.

मी तिला चिडवायचं म्हणून म्हणलं, काय गं, मम्मीकडं जायाचं का न्हाई जतला?

ती म्हणाली, "न्हाई काका. म्या गेले की चारच ऱ्हात्यात. मग आत्तीचं कॉलेज बंद."

आईनं मोबाइल आपल्याकडं वळवला. म्हणाली कुठनं कुठनं ऐकते आणि बोलत बसते. मग पावसाचं सांगायला लागली, टँकर अजून चालू आहे, शेजारच्यांनी डाळिंबाची बाग काढून टाकली. मी हं हं म्हणत होतो.

चार वर्षांची आहे ती. तिला चार कळतं, पाच कळतं. हे तिला कुणी शिकवलं?

२८ जुलै

मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, फुटली. सोन्यासकट भट्टीत गेली. पाच तास राख चाळत बसलो. शेठ काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

३ ऑगस्ट

नवीन नंबर होता. मी उचलला तर वहिनी.

आधी तिनं जेवला का विचारलं. मग म्हणाली, "भावजी, तुमाला दोष द्याला फोन केला न्हाई. तुमी आप्पांशी बोललासा तवा फोन स्पीकरवर हुता, मी तव्यापाशीच हुते. तवाच बोलाय पायजे हुतं मी. बोलले न्हाई, तर आता झोप येत न्हाई."

 तीच बोलत राहिली, हळू, शेजारी कुणी असल्यासारखं. ऋषिराजनं लग्नाआधीच पोरीसकट करतो म्हणून सांगितलं होतं. क्रांतीसाठी त्यानं शाळेत नाव घालून ठेवलंय, गणवेश शिवून आणलाय, तो खुंटीला लटकतोय. त्याची आई कानडी बोलते, वहिनीला निम्मं कळत नाही, पण म्हातारी रोज गणवेशाकडं बोट करून काहीतरी विचारते. तेवढं कळतं, म्हणाली.

मी म्हणलं सृष्टीचं कॉलेज.

"सृष्टी माझी नणंद न्हाई, बहीण हाय. तिची फी बंद पडू ने म्हणूनच मी तोंड मिटलं. पन ती फी माझ्या पोरीनं का भरायची, एवढं सांगा."

 तिनं वाट बघितली आणि मग फोन ठेवला. रागानं नाही ठेवला.

मी पळून पळून इतक्या लांब आलो, आणि इथनं बसून एका पोरीला आईपासनं तोडलं. ते पण शहाणपण केलं म्हणून. डायरीत लिहिलंय तसंच, "चांगलं सुचलं." ते पान फाडणार होतो. ठेवलं.

५ ऑगस्ट

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात आहे. पाच पाहिजेत. क्रांती गेली तर पाचवं कोण? मी. पण मी इथं असलो तर माणसात धरत नाहीत. म्हणजे मी तिथं असलो पाहिजे. चार दिवस पाहुणा म्हणून नाही, राहायला.

शेठला सांगितलं. ते आधी हसले, मग चष्मा काढला. म्हणाले, "घरात खाणारं एक वाढलं, मिळवणारं एक घटलं, तवा कुटं तुमची पोरगी शिकणार. आमच्याच मंडळाचा नियम, मीच सही केलीया त्याच्यावर." मग म्हणाले लेका, राजमहेंद्रीचं काय? मी म्हणलं दुसऱ्याला द्या. म्हणाले तू आठ दिवसांत परत येशील, तुझ्या पायाला मी ओळखतो. मी म्हणलं येईनही.

मला त्यांना ठणकावून सांगता आलं नाही की येणार नाही. माझाच मला भरवसा नाही. दुपारी दुकानामागं जाऊन नकाशात राजमहेंद्री परत बघितलं. मोठी नदी आहे.

९ ऑगस्ट, घर

आटपाडीच्या स्टँडवर आप्पा मोटारसायकल घेऊन आले होते. म्हणाले सुट्टी किती दिवस? मी म्हणलं सुट्टी नाही. त्यांनी किक मारली, गाडी चालू झाली नाही, परत मारली. 

तीन वर्षांत मी घरी राहिलो ते सगळे मिळून अकरा दिवस. दादाचा फोटो आधी चुलीच्या खोलीत होता, आता बाहेरच्या भिंतीला आहे. कुणी हलवला विचारलं नाही. वहिनीनं जाताना हलवला असणार.

क्रांतीनं मला दारात उभं राहून बघितलं. जवळ आली नाही. जेवताना आजीनं तिचं ताट आपल्याजवळ घेतलं आणि मी बघितलं, पोरगी भाकरीचा तुकडा हातात धरून दाराकडं बघत बसते. कुणी येतंय का बघते. आई म्हणाली आजीनंच शिकवलंय, मंडळाचा माणूस आला की शहाण्यासारखं बसायचं, मी हितलीच म्हणायचं. तिला वाटतं तो येईपर्यंत ताटावरनं उठायचं नाही.

१२ ऑगस्ट

सृष्टी सांगलीहून आली. मी तिला परसात बोलावून सांगितलं की क्रांतीचं मीच काढलं होतं. ती म्हणाली मला माहीत होतं, तू कवा सांगतोस ते बघत होते.

मग ती म्हणाली मी कॉलेज सोडते. मी म्हणलं गाढव आहेस. ती म्हणाली तू नोकरी सोडलीस ते चाललं, मी कॉलेज सोडलं की गाढव? बराच वेळ असंच. शेवटी ती रडली आणि रडता रडता म्हणाली, "मला तिथं पुस्तक उघडलं की क्रांती दिसती, दादा. औषधांची नावं पाठ करायची म्हनलं की तिचा चेहरा म्होरं येतो."

रात्री जेवण झाल्यावर मी क्रांतीला जतला पोचवायचं काढलं. आप्पांनी एकच गोष्ट सांगितली. मंडळाचा माणूस येऊन जाऊ दे, मग पोरीला पोचवा. तोवर सहा ताटं दिसतील, भक्कम दिसेल. फीची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, तो आठवड्यात येईलच. ऐकायला बरोबर वाटलं. मीही मान हलवली. सृष्टीनं नाही हलवली.

१७ ऑगस्ट

आज मंडळाचा माणूस आला. धुळा तात्या त्यांचं नाव. जत तालुक्यातलेच, चाळीस वर्षं हैदराबादेत गलाई करून परत आलेले. तेजाबानं बोटांची टोकं पिवळी. मेथीची भाजी आणि भाकरी होती, आम्ही नुकते बसलो होतो. त्यांनी चप्पल काढली, पाणी प्याले, जेवायला नको म्हणाले. भिंतीला टेकून बसले आणि वही काढली.

क्रांती एकदम उठून उभी राहिली. ताट पायाला लागून सांडलं. म्हणाली, "मी हितलीच हाय."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं, मग आप्पांकडं. आप्पा ताटात बघत होते. आई भाजी गोळा करायला वाकली ती वर बघेना.  मला वाटलं होतं मी बोलताना आवाज चढेल. पण हळूच निघाला.

"हिला धरू नका, तात्या. हिची आई जतला हाय. परवा हिला न्हेऊन घालतोय."

आजीच्या तोंडून बारीक आवाज आला. तात्या म्हणाले मग किती राहिले? मी म्हणलं माझ्यासकट पाच. ते म्हणाले तू भाऊसोच्या दुकानातला ना, मला फोन आला होता त्याचा. काय फोन आला, ते सांगितलं नाही. मला विचारलं, "हितं कवापातूर हाईस?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर तयार केलं होतं, कायमचा म्हणून. ते तोंडातून येईना. मी म्हणलं, "तात्या, मला एका जागी ऱ्हायाची सवय न्हाई. पन तिची तीन वर्सं हाईत. तीन वर्सं ऱ्हातो."

ते म्हणाले मी मधेच कधीही येईन, ताट नसलं तर नाव खोडीन, त्या वर्षापासनं निम्मी. मी म्हणलं खोडा. त्यांनी वहीत पाच लिहिलं. बाहेर जाताना चप्पल घालत माझ्याकडं न बघता बोलले, "तुझ्या भावानं मला हैदराबादेत एकदा भट्टी लावून दिल्ती. हात लय साफ हुता त्येचा." आणि गेले.

आजी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग तिनं क्रांतीचे कपडे काढले, एकेक झटकून घडी घातली आणि पिशवीत भरले. दादाचा लहानपणीचा चांदीचा करदोडा त्यात तळाला ठेवला. कुणी बघत नाही असं तिला वाटलं.

१८ ऑगस्ट

डाळिंबाच्या पॅकिंगवर काम मिळालं. पेट्या भरायच्या. पगार शेठ द्यायचे त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. सृष्टी सांगलीला परत गेली. जाताना तिनं माझ्या हातातली तिची बॅग काढून घेतली आणि स्वतः धरली.

आता हे गाव, हीच चूल, एक हजार दिवस. मोजायचं नाही ठरवलंय. आजचं मोजलं.

१९ ऑगस्ट

क्रांतीला घेऊन जतला गेलो. एसटीत तिनं खिडकी धरली. बाहेर मेंढरं दिसली की मला कोपरानं ढोसायची, तोंडानं काही नाही. स्टँडच्या आधी तिनं विचारलं, काका, आता तिथं कोन बसनार? मी म्हणलं कुठं? ती म्हणाली आज्जीजवळ. मी म्हणलं मी बसणार. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मी मावेन का तिथं, असं.

दुकानाच्या मागंच घर. ऋषिराज तांब्याच्या तारा गुंडाळत बसले होते, हात पुसत उठले, कुणाला आधी नमस्कार करावा ते त्यांना कळेना, शेवटी क्रांतीलाच केला. म्हातारी दारात आली आणि दोन्ही हात पुढं करून "बा, बा" म्हणाली, म्हणजे ये. वहिनी आतून आली. ती धावली नाही. उंबऱ्यात बसली, खाली, पोरीच्या उंचीला, आणि थांबली.

माफी मागायची म्हणून मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही बोललो नाही. वहिनीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि जेवून जा म्हणाली. मी म्हणलं संध्याकाळी घरी ताटावर बसायला पाहिजे, साडेतीनची गाडी आहे. ती म्हणाली, व्हय, बसाय पायजेच.

क्रांतीनं माझं बोट सोडलं आणि गेली. मागं वळून बघितलं नाही. बघू नये असंच मला वाटत होतं, तरी मी रस्त्यात पिशवी धरून उभा होतो. मग ऋषिराज आले आणि त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.